नैरोबीची बहुरूपी: मॉकर स्वॅलोटेलची मादी ओळखायची कशी

नैरोबीच्या पार्कलँड्स भागातल्या आमच्या कुंपणाला घाणेरी माजली आहे. बागेत काम करणारे म्झे (स्वाहिलीत वडीलधाऱ्यांना असं म्हणतात) दर वर्षी ती उपटायला निघतात आणि दर वर्षी मी त्यांना थांबवते. सकाळी दहाच्या उन्हात तिच्यावर जे येतं, ते बघायला दुसरीकडे कुठे जावं लागत नाही. इथे आलो त्या वर्षी एका सकाळी मी वहीत तीन फुलपाखरं लिहिली. एक फिकट पिवळं, शेपटीवालं. एक काळं-पांढरं, बिनशेपटीचं. एक विटकरी, पंखाच्या टोकाशी पांढरा पट्टा असलेलं. तीन ओळी, तीन जाती. दोन वर्षांनी त्या तिन्ही ओळींना मिळून एकच नाव लिहावं लागलं: पॅपिलिओ डार्डॅनस, म्हणजे मॉकर स्वॅलोटेल. पिवळा तो नर, बाकीच्या दोघी त्याच्याच जातीच्या माद्या.

ही चूक माझी एकटीची नाही, याचं मला पुढे बरंच समाधान वाटलं. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या संग्रहालयांतही या माद्या वेगवेगळ्या जातींची नावं लावून टाचलेल्या होत्या. केपटाऊनच्या रोलंड ट्रायमेन यांनी १८६० च्या दशकाच्या अखेरीस सांगितलं की या सगळ्या एकाच पिवळ्या नराच्या माद्या आहेत. तेव्हा हेविटसन यांच्यासारख्या जाणत्या संग्राहकानेही नाक मुरडलं. एका फुलपाखराचा एवढा मोठा जनानखाना कुठे असतो का, असा त्यांचा सूर होता. पुढे त्यांच्याच माणसाने आफ्रिकेतून समागमात पकडलेली एक जोडी पाठवली: नर पिवळा, मादी काळी-पांढरी. मग बोलायला काही उरलं नाही.

आपल्याकडे बहुरूपी दारात येतो तेव्हा आज पोलीस, उद्या वैद्य. माणूस मात्र तोच. या मादीचं तसंच आहे, फक्त एक मादी आयुष्यभर एकच सोंग घेते, आणि सोंगं वेगवेगळ्या बहिणींत वाटलेली असतात. सोंग कुणाचं, तर पक्ष्यांना कडू लागणाऱ्या, पोटात गेल्यावर त्रास देणाऱ्या फुलपाखरांचं. ज्याची नक्कल होते त्याला मी पुढे ‘मूळ’ म्हणेन आणि नक्कल करणारीला ‘नकलाकार’.

नैरोबीत राहणाऱ्यांना आणि केनियाच्या सहलीत एखादा दिवस इथे काढणाऱ्यांना ही मादी हुडकता यावी, एवढ्यासाठी खालच्या पायऱ्या लिहिल्या आहेत. एक गोष्ट आधीच सांगते. नैरोबीत पुस्तकातल्या चित्राशी मादी जुळवायला जाऊ नका. इथल्या नकला बऱ्याचदा अर्ध्याकच्च्या असतात. का, ते पुढे येईल.

पहिली पायरी: वेळ आणि जागा

महाराष्ट्रातून येणारी बहुतेक मंडळी मसाई मारातलं स्थलांतर बघायला जुलै-ऑगस्टमध्ये येतात. नेमका तोच नैरोबीचा ढगाळ, गारठ्याचा काळ. दुपारपर्यंत ऊन पडत नाही आणि फुलपाखरं पानाखाली बसून राहतात. तेव्हा आलात तर ढग फाटायची वाट बघा, आणि अर्ध्या तासात जे दिसेल त्यावर समाधान माना. खरा हंगाम पावसानंतरचा. मोठा पाऊस मार्च ते मे, छोटा ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणजे मेची अखेर आणि डिसेंबर-जानेवारी हे दिवस चांगले. सकाळी साडेनऊ ते दुपारी दीड. नैरोबी समुद्रसपाटीपासून सतराशे मीटरच्या आसपास आहे. ऊन तापल्याशिवाय इथे काही हलत नाही, पण टोपी विसरलात तर तुम्हीच भाजून निघता.

जागा म्हणाल तर पहिली करुरा. शहराच्या उत्तरेला साधारण हजार हेक्टरचं हे जंगल आज उभं आहे ते पर्यावरणासाठी लढणाऱ्या वंगारी माथाई आणि त्यांच्या साथीदारांनी १९९८-९९ मध्ये बिल्डरांविरुद्ध मार खाऊन दिलेल्या लढ्यामुळे. आत जायला तिकीट लागतं. नदीकडे उतरणारी पायवाट आणि जिथे झाडी संपून उजेड पडतो त्या कडा या कामाच्या जागा. दाट झाडीच्या पोटात शिरू नका, तिथे अंधाराशिवाय फारसं काही नाही. दुसरी जागा सिटी पार्क. पार्कलँड्सच्या लोकांना ती पायी जाण्याएवढी जवळ, पण तिथली माकडं पिशवीतला डबा काढून घेतात. तिसरी आर्बोरेटम, म्हणजे झाडांची बाग.

बरोबर काय न्यायचं? दोन मीटरवरचंही स्पष्ट दाखवणारी दुर्बीण असेल तर उत्तम. नसेल तर मोबाईल पुरतो. वही हवीच. जाळी नको. जंगलातून परवानगीशिवाय काहीही पकडून किंवा तोडून नेता येत नाही, आणि या कामाला त्याची गरजही नाही.

दुसरी पायरी: आधी नर

नर सोपा आहे. दक्षिण आफ्रिकेत त्याला उडता हातरुमालच म्हणतात आणि ते नाव अगदी बरोबर बसलं आहे. सायीच्या रंगाचे, काळ्या काठाचे, आठ-दहा सेंटिमीटर रुंद पंख, मागे दोन शेपट्या. झाडीच्या कडेने असा फडफडत जातो की कुणी वाऱ्यावर रुमाल सोडून दिलाय असं वाटावं. एकाच वाटेने पुन्हा पुन्हा फेऱ्या मारतो. हुकला तर पाठलाग करू नका, तिथेच थांबा. पाऊस पडून गेला असेल तर वाटेवरच्या ओल्या मातीतही नर सोंड खुपसून बसलेले सापडतात, आणि त्या वेळी फोटोला सगळ्यात शांत.

नर दिसला म्हणजे मादी त्याच पट्ट्यात असणार. नराचा उपयोग एवढाच, पण तो मोठा आहे: त्या दिवशी कुठे उभं राहायचं ते तो दाखवतो.

नर सगळीकडे साधारण एकसारखाच. मादागास्कर आणि कोमोरो बेटांवर मादीही नरासारखीच पिवळी, शेपटीवाली, तिथे सोंगबिंग काही नाही. इथिओपियात बहुतेक माद्या नरासारख्या, पण काही शेपटी तशीच ठेवून नक्कल करणाऱ्या. बाकी सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत मादीची शेपटी गेली आणि वेष बदलला. ऑक्सफर्डच्या एडवर्ड पोल्टन यांनी या प्राण्याला जगातलं सगळ्यात मनोरंजक फुलपाखरू म्हटलं होतं, ते याच कारणाने. सगळ्या आफ्रिकेतली मिळून मादीच्या रूपांना डझनभराहून जास्त नावं आहेत. घाबरू नका, नैरोबीत सुरुवातीला तीन कळली तरी पुरे.

तिसरी पायरी: मूळ फुलपाखरं शिकून घ्या

मी सगळ्यात जास्त वेळ वाया घालवला तो ही पायरी गाळून. नक्कल ओळखायची तर अस्सल आधी डोळ्यात बसायला हवं.

*फ्रायर.* मोठं, काळं, पंखांवर ठसठशीत पांढरे भाग, मागच्या पंखावर तर पांढरा रंग सांडल्यासारखा. सावकाश तरंगत जातं. याची नक्कल करणाऱ्या मादीचं रूप म्हणजे हिपोकूनायडीस.

*चीफ आणि लेमॅन.* फ्रायरचेच भाऊबंद. काळ्या पुढच्या पंखांवर लहान फिकट ठिपके, मागच्या पंखाच्या मुळाशी पिवळसर किंवा पांढरट डाग. या दोघांत फरक करायला मला अजूनही फोटो मोठा करून बघावा लागतो. यांची नकलाकार ती सिनिया.

*प्लेन टायगर.* हे तर आपलं घरचंच. रुईच्या झुडपावर ज्याच्या पट्टेरी अळ्या असतात, पुण्या-नाशिकच्या माळावर बारा महिने दिसतं, तेच हे विटकरी फुलपाखरू आफ्रिकेतही आहे. मात्र नैरोबीत एक गोंधळ होतो. इथे प्लेन टायगरचं एक रूप सर्रास दिसतं ज्याच्या पुढच्या पंखाच्या टोकाला काळं-पांढरं काहीच नसतं, अख्खा पंख नुसता विटकरी. मादीचं ट्रोफोनियस हे रूप नक्कल करतं ती टोकाला पांढरा पट्टा असलेल्याची.

यांतली प्रत्येक मूळ जात किमान पाच-सहा वेळा नीट बघा, बसलेली आणि उडतानाही. तोवर मादी शोधूच नका, असं मी म्हणेन. कुणी ऐकत नाही, मीही ऐकलं नव्हतं.

चौथी पायरी: पाय मोजा

रंगावरून आपण फसणारच, पक्ष्यांना फसवण्यासाठीच तो आहे. म्हणून रंग सोडून बाकी सगळं बघा.

सगळ्यात भरवशाची खूण पायांची. फ्रायर, चीफ, प्लेन टायगर ही सगळी ज्या कुळातली त्यांचे पुढचे दोन पाय खुरटलेले, छातीला चिकटलेले असतात. फुलावर ती चार पायांवर उभी राहतात. स्वॅलोटेल सहाही पाय टेकवते. म्हणून फोटो वरून नाही, बाजूने आणि थोडा खालून काढा. माझ्या पहिल्या वर्षातले दीडएकशे फोटो वरून काढलेले आहेत, सुंदर आहेत आणि निरुपयोगी आहेत.

दुसरी खूण मागच्या पंखाची आतली कडा, म्हणजे पोटाच्या बाजूची. स्वॅलोटेलमध्ये ती आत खोलगट कापल्यासारखी असते, त्यामुळे पोट मोकळं, उघडं दिसतं. मूळ फुलपाखरांमध्ये तीच कडा पोटाखाली वळून पन्हाळीसारखी होते आणि पोट तिच्यात बसतं. पंख मिटून बसलेलं असेल तर ही खूण पटकन दिसते.

तिसरी खूण खाण्याच्या सवयीची. फ्रायर किंवा प्लेन टायगर फुलावर बसलं की निवांत बसतं. स्वॅलोटेल मध पिताना पुढचे पंख थरथरवत राहते, जणू कुठल्याही क्षणी निघायचंय. आमच्या घाणेरीवर मी लांबूनच, रंग कळायच्या आधी, या थरथरीवरून ओळखते. एकदा सवय झाली की ही खूण इतकी सोपी वाटते की आधी का दिसली नाही असा प्रश्न पडतो.

उडण्यात मादी मूळ फुलपाखराचीच संथ चाल उचलते. पण तिच्यावर सावली पाडा किंवा हात हलवा: अस्सल फ्रायर फारसं मनावर घेत नाही, नकलाकार सोंग टाकून सरळ सुसाट निघते. हे दिवसातून एकदाच करा. सारखं करून तिला हाकलण्यात काही शहाणपण नाही.

विटकरी फुलपाखराच्या बाबतीत तिसराही एक उमेदवार असतो. डॅनाइड एगफ्लाय म्हणून जे फुलपाखरू आहे, जे आपल्याकडेही सापडतं, त्याची मादी प्लेन टायगरची नक्कल करते. म्हणजे एका घाणेरीवर एक अस्सल आणि दोन तोतये, तेही दोन वेगवेगळ्या कुळांतले. एगफ्लायही चार पायांवर उभी राहते, त्यामुळे तिला स्वॅलोटेलपासून वेगळं काढायला पाय पुरतात. प्लेन टायगरपासून ती वेगळी कशी करायची हा स्वतंत्र विषय आहे, इथे नको.

पाचवी पायरी: झाडापाशी थांबा

फुलांवर मादी दिसेल की नाही हे नशिबावर. अंडी घालायच्या झाडापाशी मात्र तिला यावंच लागतं.

मॉकर स्वॅलोटेलची अळी लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढते. करुरामध्ये व्हेप्रिस या गटातली लहान-मध्यम झाडं सावलीत बरीच आहेत. जुन्या याद्यांत यांना टेक्लिया म्हटलेलं सापडेल. पान तोडू नका, खाली पडलेलं एखादं ताजं पान चुरगाळा: लिंबाचा वास आला की झाड बरोबर. पान उजेडासमोर धरलं तर तेलाचे बारीक ठिपके सुईने टोचल्यासारखे चमकतात. दुसरी वनस्पती टोडालिया, तीन-तीन पानांची काटेरी वेल. ही तर आपल्या सह्याद्रीतही आहे, आणि जिने जंगलात एकदा ओरबाडलं असेल तिला कुणी विसरत नाही. तिसरं क्लॉसेना, कढीपत्त्याच्या नात्यातलं, पानांची ठेवणही साधारण तशीच आणि वास उग्र.

अशा झाडाजवळ सावलीत एखादं काळं-पांढरं फुलपाखरू कमरेएवढ्या उंचीवर घुटमळत, पानांना पाय लावून पुढे जात असेल तर ओळख झालीच समजा. फ्रायर आणि चीफ यांना या झाडांशी काही कर्तव्य नाही, त्यांच्या अळ्या रुईच्या कुळातल्या वेलींवर वाढतात. मादी पायांनी पानाची चव घेते, पसंत पडलं की पोट वाकवून एकच अंडं चिकटवते आणि पुढे जाते. फिकट पिवळसर, गोल, मोहरीपेक्षा लहान. ती गेल्यावर ते पान लक्षात ठेवा, पण फांदीला रिबीन वगैरे बांधू नका. माणसांनाही ती दिसते आणि मुंग्यांचं लक्ष तसंही असतंच.

सहावी पायरी: मोजणी

या पायरीसाठी वही. रोज तीन रकाने: मूळ किती दिसली, नकलाकार किती, आणि नकलाकारांतली किती अर्धवट, म्हणजे ज्यांचा डाग धड सिनियाचा नाही, धड हिपोकूनायडीसचा नाही.

हे करण्यामागे जुनी गोष्ट आहे. इंग्लंडचे आनुवंशशास्त्रज्ञ ई. बी. फोर्ड यांनी दोन ठिकाणांचे आकडे शेजारी मांडले होते. युगांडात व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी एंटेबेला गोळा केलेल्या नमुन्यांत मूळ फुलपाखरं १,९४९ आणि नकलाकार माद्या १११. त्यांतल्या अर्धवट नकला ४ टक्के. नैरोबीच्या बाजूला मूळ अवघी ३२, नकलाकार १३३, आणि अर्धवट नकला ३२ टक्के.

याचा अर्थ लावायला जीवशास्त्राची पदवी लागत नाही. जिथे कडू फुलपाखरं ढिगाने आहेत तिथे प्रत्येक पक्ष्याने ती चाखून धडा घेतलेला असतो. जी मादी त्या वेषाच्या जवळ जाते ती वाचते, जिचा वेष फसला ती खाल्ली जाते. पिढ्यानपिढ्या हे चाललं की नक्कल घोटून घोटून चोख होते. जिथे मूळच विरळा आहेत तिथे पक्ष्यांना त्या रंगाची धास्ती नाही, मग चोख नकलेलाही फार फायदा नाही आणि कच्च्या नकलेला फार तोटा नाही. कुणी कान उपटत नसेल तर नट पाठांतर कशाला करेल? म्हणून नैरोबीत जे दिसतं त्यात खाडाखोड फार, आणि मला तरी एंटेबेच्या चोख नकलांपेक्षा ही खाडाखोड जास्त बघण्यासारखी वाटते. निवड जोरात असली आणि ढिली पडली तर काय होतं, ते कुंपणावर बसल्या जागी दिसतं.

किनाऱ्याकडे गेलात तर चित्र पुन्हा बदलतं. तिकडे मादी बहुतेक हिपोकूनायडीस, काळी-पांढरी. मालिंदीजवळ गेडे इथे, आराबुको-सोकोके जंगलाला लागून, किपेपेओ प्रकल्प १९९३ पासून चालू आहे. किपेपेओ म्हणजे स्वाहिलीत फुलपाखरू. जंगलाकाठचे शेतकरी तिथे अळ्या वाढवून कोष विकतात, ते परदेशातल्या फुलपाखरू-घरांत जातात, आणि जंगल तोडण्यापेक्षा राखण्यात पैसा आहे हे दरमहा हातात पडतं. गेडेचे जुने अवशेष बघायला जाणारे तिकडे डोकावत नाहीत. डोकावावं.

सातवी पायरी: घरच्या लिंबावरची अळी

जंगलातून अंडी-अळ्या आणायच्या नाहीत. पण बागेत, कुंडीत लिंबाचं झाड असेल आणि जवळ झाडी असेल तर तिथेच अळी सापडू शकते. बहुतेक वेळा ती सिट्रस स्वॅलोटेलची निघते. ते आपल्याकडच्या लाइम बटरफ्लायचं आफ्रिकेतलं भावंड, आणि इथल्या लिंबांचं नित्याचं गिऱ्हाईक. लहानपणी दोन्हींच्या अळ्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या, तपकिरी-पांढऱ्या. मोठेपणी दोन्ही हिरव्या. डिवचलं तर दोन्ही डोक्यामागून मांसल दुशिंगी बाहेर काढतात आणि उग्र वास सोडतात. अळीवरून पैज लावू नका. कोष झाला की बराच उलगडा होतो: मॉकरचा कोष हिरवागार, रुंद, पानाची घडी असावी तसा.

वाढवण्याची माझी रीत अशी. मोठा पारदर्शक डबा, आडवा ठेवलेला. तळाला वर्तमानपत्र नाही, साधा कोरा कागद, म्हणजे लेंड्या दिसतात आणि अळीची तब्येत कळते. तोंडावर जुन्या सुती ओढणीचं कापड, रबर लावून. आत औषधाच्या छोट्या बाटलीत पाणी आणि त्यात लिंबाची डहाळी. बाटलीचं तोंड कापसाने घट्ट बंद करा. माझी पहिली अळी डहाळीवरून उतरून पाण्यात बुडून मेली, एवढ्या साध्या गोष्टीने.

दुसऱ्या वेळचा अपघात मोठा. घरचं झाड बोडकं झालं म्हणून मी एका रोपवाटिकेतून लिंबाचं नवं रोप आणलं. पानं तुकतुकीत, एकही भोक नाही. खरं तर तिथेच शंका यायला हवी होती. संध्याकाळपर्यंत चारही अळ्या काळ्या पडून लोंबत होत्या. पानांवर कीटकनाशक होतं. तेव्हापासून विकतचं रोप किमान दोन महिने पावसात उभं राहिल्याशिवाय मी वापरत नाही. भोकं पडलेली पानं हीच चांगली पानं.

कागद रोज बदला. अळी बोटाने उचलू नका, ती बसलेलं पान कापून नव्या डहाळीवर ठेवा, ती आपण होऊन सरकते. कात टाकायच्या आधी ती दिवसभर हलत नाही, खात नाही. तेव्हा आजारी समजून तिला ढोसू नका. अंड्याला साधारण आठवडा, अळीला चार ते पाच आठवडे, कोषाला दोन-तीन आठवडे. थंडीत हे सगळं लांबतं. मोठी अळी एक दिवस पातळ विष्ठा टाकते आणि डबाभर फिरू लागते, म्हणजे कोषाची वेळ झाली. आत दोन-चार जाडसर काटक्या तिरप्या उभ्या करून ठेवा. ती शेपटाकडून रेशमाने चिकटते, कमरेभोवती एक धागा घेते आणि त्यावर रेलून राहते. नारळाच्या झाडावर चढणारा माणूस कमरेला दोर लावून मागे रेलतो, हुबेहूब तसं.

कधीकधी कोषातून फुलपाखराऐवजी परजीवी गांधीलमाशी बाहेर पडते. वाईट वाटतं, पण त्यात तुमची चूक नाही, अळी सापडायच्या आधीच तिच्यात अंडं घातलेलं असतं.

फुलपाखरू बहुधा सकाळी निघतं. पंख ओले, चुरगळलेले असतात, लोंबकळायला जागा मिळाली नाही तर तसेच वाळतात. म्हणून काटकीखाली किमान हातभर मोकळी जागा हवी. दोन-तीन तासांनी ओढणी काढून डबा कुंपणाशी ठेवा.

आणि बहिणी-बहिणींत फरक का

एकाच आईची अंडी वाढवली तर हे डोळ्यांसमोर घडतं. माझ्याकडे एका सिनिया मादीची सहा अंडी लिंबावर मिळाली होती, तिला घालताना मी बघितलं होतं. पाच मोठी झाली. दोन नर, दोन सिनिया, एक हिपोकूनायडीस. मधलं, मिश्र असं त्या वेळी एकही नाही.

इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचे डॉक्टर सिरिल क्लार्क आणि आनुवंशशास्त्रज्ञ फिलिप शेपर्ड यांनी १९५० च्या दशकापासून हेच मोठ्या प्रमाणावर केलं. वेगवेगळ्या भागांतली फुलपाखरं हाताने जुळवून त्यांचा संकर केला. निष्कर्ष असा की मादीचा वेष मुख्यतः एकाच जनुकस्थानावर ठरतो. त्या जागी वेगवेगळी रूपं असू शकतात आणि त्यांच्यात वरचढपणाची उतरंड असते. हिपोकूनायडीस उतरंडीत तळाला: दोन्ही पालकांकडून तेच मिळालं तरच दिसतं. सिनिया तिच्यावर मात करते. नर ही सगळी रूपं अंगात बाळगतो पण दाखवत नाही. माझ्या डब्यातली हिपोकूनायडीस लेक म्हणजे आईच्या अंगात दडलेला एक आणि बापाकडून आलेला एक, असे दोन धागे जुळल्याचा पुरावा. अलीकडे ही जागा एन्ग्रेल्ड नावाच्या जनुकापाशी असल्याचं दाखवलं गेलं आहे. आपल्या मुंबई-पुण्यात कढीपत्त्यावर अंडी घालणाऱ्या कॉमन मॉरमॉनच्या मादीतही असाच नकलेचा खेळ आहे, पण तिथे सूत्रधार वेगळं जनुक आहे, डबलसेक्स नावाचं.

क्लार्क फुलपाखरांच्या या जनुकांवरूनच माणसाच्या ऱ्हीसस रक्तगटाकडे वळले. पुढे लिव्हरपूलच्या गटाने आणि त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या एका गटाने, स्वतंत्रपणे, ऱ्हीसस निगेटिव्ह आईच्या रक्ताने पोटातल्या बाळाच्या रक्तावर उलटू नये म्हणून तिला अँटी-डी हे इंजेक्शन देण्याचा उपाय काढला. आपल्या घरात कुणाला बाळंतपणाच्या वेळी ते इंजेक्शन दिलं असेल तर त्याच्या मागच्या वाटेवर कुठेतरी ही फुलपाखरं आहेत. माझ्या नणंदेला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “वहिनी, तुम्ही प्रत्येक गोष्ट शेवटी त्या कुंपणावर आणता.”

गेल्या डिसेंबरात लिंबावरची आणखी एक मादी निघाली. सहा पाय, थरथरते पंख, शंकाच नाही. पण पुढच्या पंखावरचे ठिपके सिनियासारखे लहान आणि मागचा डाग हिपोकूनायडीससारखा पसरलेला, त्यातही कडेला विटकरी झाक. दहा मिनिटं ती ओढणीवर बसून होती. वहीत ‘अर्धवट’च्या रकान्यात एक रेघ मारली, शेजारी जमेल तसं चित्र काढलं, डाग कुठपर्यंत येतो ते सुईच्या टोकाने मापून लिहिलं. डबा धुऊन उन्हात ठेवला आहे. लिंबावर परवापासून दोन नवी अंडी दिसताहेत.